वॉटर पंप खरखरतोय? आधी बेल्ट काढून ऐका

हेडफोन लावून ऐकत असाल, तर गाडीजवळ गेल्यावर काढा. आजचं निम्मं काम कानाचं आहे.

सकाळी मीरा रोडहून दहिसर चेकनाक्याकडे गाडी रांगत जाते, तेव्हा समोरून वारा मिळत नाही. इंजिन थंड ठेवायची सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर आणि वॉटर पंपावर. पंपाचं बेअरिंग झिजलं की खरखर सुरू होते. मग शाफ्ट डुलतो, सील जातं, कूलंट गळतं. तरी चालवत राहिलात तर हेड गॅस्केट उडतं, कधी हेडच वाकतं. पंपाच्या खर्चापुढे ते बिल फारच मोठं असतं.

पण आवाज पंपाचाच कशावरून? अल्टरनेटर किंवा टेन्शनरचं बेअरिंगही असंच ओरडतं. थंड इंजिनावर बेल्ट उतरवा आणि गाडी फक्त काही सेकंद चालू करा. आवाज गेला, तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या एखाद्या भागात. आता इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा, हलवून बघा. पंपाची पुली खरखरीत लागली किंवा डुलली, तर चोर सापडला. पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. तिथे कूलंटचे सुकलेले डाग दिसले तर सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. अहो, गळती कळावी म्हणूनच ते ठेवलंय!

आता खरा प्रश्न, हे घरी करायचं का? माझ्या वॅगन-आरचं 998 सीसीचं के-सीरिज इंजिन आहे. त्यात टायमिंग चेन आत आणि पंप बाहेरच्या बेल्टवर, म्हणून मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करतो. रेनॉ डस्टरच्या 1.5 लिटर डिझेलमध्ये मात्र पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. तिथे बेल्ट एक दात जरी चुकला तरी इंजिनाचं टायमिंग बिघडतं. असली गाडी सरळ मेकॅनिककडे न्या. (जुन्या पद्मिनीत तर पंखाही पंपाच्याच शाफ्टवर असायचा. काळी-पिवळीवाल्यांना हा आवाज झोपेतही ओळखता आला असता.)

करायचंच ठरलं तर इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट दाबाखाली असतं, गरम असताना झाकण उघडलंत की उकळतं पाणी अंगावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. चाक काढावं लागलं तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, जॅक स्टँड लावा.

एक युक्ती: पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करा. बेल्ट काढल्यावर पुली नुसती गरगर फिरते आणि पाना लागत नाही. पंपाचे बोल्ट कधी कधी वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवा. जुनं गॅस्केट खरवडताना घाई नको. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळणार. नव्या पंपाचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत.

भरताना टँकरचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको, आत क्षार धरतात. गाडीला चालणारं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या. हीटर चालू ठेवून इंजिन तापू द्या, बुडबुडे थांबून रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होईपर्यंत काट्यावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असते, कारण आतली हवा निघालेली असते. रोज उतरत असेल तर गळती शोधा.

आणि हो, काढलेलं कूलंट पसरट भांड्यात उघडं ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या. गटारात तर नकोच.