विकल्पाचे प्रकार आणि संगणकाची शिदोरी

पाणिनीने आपल्या सूत्रांत विकल्प सांगताना 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द योजिले आहेत. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र निराळे प्रतिपादन केले. त्यांच्या मते 'वा' म्हणजे करणे अधिक बरे, 'विभाषा' म्हणजे क्वचित करावे आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेच. हे मत सर्वांस मान्य आहे असे नाही. पण सगळे विकल्प एका तोलाचे नसतात ही त्यातील दृष्टी आम्हांस मोलाची वाटते. संगणकाच्या एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचा उलगडा तिच्या आधारे चांगला होतो, आणि तो प्रश्न मराठी अक्षरांशीच येऊन भिडत असल्यामुळे या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

लिनक्स प्रणाली संगणकावर सुरू होते तेव्हा प्रथम कर्नल, म्हणजे तिचा गाभा, स्मृतीत येतो. बाकी सारा पसारा तबकडीवर असतो. पण ती तबकडी वाचण्यासाठी जो चालक लागतो तो पुष्कळदा तबकडीवरच असतो. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही स्थिती. म्हणून कर्नलाबरोबर एक छोटे गाठोडे देण्याची पद्धत पडली. आज रूढ असलेले तिचे रूप डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीच्या कर्नलापासून स्थिर झाले. गाठोड्यात आवश्यक चालक, काही लहान आज्ञावली आणि खरी तबकडी शोधण्याची कृती असते. तबकडी सापडली की त्याचे काम संपते. तंत्रज्ञ त्याला 'इनिट्रामएफएस' म्हणतात. आम्ही येथे त्यास 'शिदोरी' म्हणू, कारण मुक्कामी पोचेपर्यंतच तिचा उपयोग. शिदोरी बांधणारी साधनेही वेगवेगळी आहेत : डेबियनचे 'इनिट्रामएफएस-टूल्स', फेडोराने २००९ साली बाराव्या आवृत्तीत स्वीकारलेले 'ड्रॅकट', आर्चचे 'एमकेइनिटसीपीआयओ'.

आता विकल्पाकडे वळू. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपले इतरांवरील अवलंबन स्वतः सांगते. एक अवलंबन अनिवार्य. ते नसेल तर पॅकेज बसतच नाही. दुसरे शिफारशीचे, विशेष कारण नसेल तर ते असावेच. तिसरे केवळ सुचविलेले. किपार्स्कींचे 'वा' आणि 'विभाषा' येथे जवळजवळ जसेच्या तसे भेटतात. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून शिफारशीची पॅकेजेही आपोआप बसविली जातात. जागा वाचवू पाहणारे पुष्कळ जण ती सोय मुद्दाम बंद करतात.

परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की तबकडीवर असणे म्हणजे शिदोरीत असणे नव्हे. शिदोरी बांधणारे साधन त्या क्षणी घरात काय आहे ते पाहते आणि तेवढेच बांधते. ऐच्छिक वस्तू घरात नसली तर त्यापुढे तीन मार्ग असतात : बांधणी थांबवावी, मुकाट्याने ती वस्तू वगळावी, किंवा इशारा देऊन पुढे जावे. ड्रॅकटने यासाठी चांगली व्यवस्था केली आहे. त्याचा प्रत्येक विभाग 'मला घ्यावे काय' या प्रश्नाला 'हो', 'नाही' अथवा 'दुसऱ्या कोणी मागितले तरच' असे उत्तर देतो. एखादी आज्ञावली सापडली नाही म्हणून विभाग गळला तर तसे नावानिशी सांगितलेही जाते. फायली उचलतानाही 'असल्यास घ्यावी' अशी खूण करता येते. आमच्या मते ही खूण फार सढळ हाताने वापरू नये. मुकाट्याने वगळणे शोभेच्या वस्तूला ठीक. पण शोभेची वस्तू कोणती हे ठरविणारा बहुधा रोमन लिपीत वाचणारा असतो, आणि अडचण येथेच सुरू होते.

संगणक सुरू होताना पडद्यावर जे चित्र आणि मजकूर दिसतो तो 'प्लिमथ' नावाची आज्ञावली दाखविते. अक्षरे काढण्यासाठी तिला निराळा जोडभाग लागतो, आणि डेबियनमध्ये तो स्वतंत्र पॅकेज म्हणून येतो. तो नसेल तर शिदोरी बांधताना इशारा मिळतो, कोणते पॅकेज बसवावे हेही कळते. ही उत्तम रीत. पण जोडभाग आला तरी टंक हवा. शिदोरी हलकी राहावी म्हणून तीत बहुधा मोजकाच टंक घालतात. तो 'डेजावू सान्स' असला तर त्यात देवनागरी नाही. मराठी वाक्याच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. टंकही आला असे समजू. तरी अक्षरे जुळविणारा भाग लागतोच, कारण 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येत असली तरी कागदावर आधी येते, आणि 'क्ष', 'त्र' यांचे आकार सुट्या खुणा शेजारी मांडून होत नाहीत. इंग्रजीला या भागावाचून काही अडत नाही, म्हणून तो ऐच्छिक ठरतो; मराठीला तो अनिवार्य आहे. कोरी जागा, चौकटी आणि विस्कटलेली अक्षरे ही तीन लक्षणे तीन वेगळ्या उणिवांची आहेत, हे शाळेत संगणक सांभाळणाऱ्या शिक्षकाने ओळखावे. टंक नव्याने टाकून चौकटीच दिसत राहिल्या तर जोडाक्षरांना दोष देऊन उपयोग नाही.

प्रतिष्ठापनेचीही हीच कथा. कर्नलाच्या साध्या मजकूर-पडद्यावर फार तर ५१२ आकार मावतात आणि जुळणी होत नाही. त्यामुळे डेबियनच्या प्रतिष्ठापकात मराठी केवळ चित्रमय रूपात निवडता येते. हे रूप २००७ च्या 'एच' आवृत्तीपासून उपलब्ध झाले.

आमच्या बाजारहत्नूरच्या परिसरात हा विचार एका लिपीपुरता थांबत नाही. येथे तेलुगू आहे, मराठी आहे, गोंडी आहे. याच आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी मिळालेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत स्थान मिळाले. तिचा टंकही आज उपलब्ध आहे. पण 'एक टंक पुरे' असे गृहीत धरणाऱ्या साधनाच्या हिशेबी हे तिन्ही वगळण्याजोगेच राहतात.

चौकटी दिसल्याने कोणाचे काम अडत नाही असे कोणी म्हणेल. अडते. तबकडी कुलूपबंद केलेली असेल तर तिचा परवलीचा शब्द शिदोरीच विचारते. कळफलकाची मांडणी शिदोरीत आली नसेल तर कर्नल आपली उपजत अमेरिकन मांडणी वापरतो. दुसऱ्या मांडणीवर ठरविलेला शब्द मग कितीही काळजीपूर्वक टंकित केला तरी चुकीचाच ठरतो, आणि पडदा तेवढेच सांगतो. कळफलक राहून गेला हे सांगत नाही. असा शब्द साध्या रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावा असे आम्ही सुचवितो. मराठीच्या अभिमान्यांस हे रुचणार नाही; पण दाराबाहेर उभे राहण्यापेक्षा ते बरे.

आणखी एक गोष्ट. राहिलेले पॅकेज मागाहून बसविले म्हणजे जुनी शिदोरी आपोआप बदलते असे नाही. जी पॅकेजे शिदोरीशी संबंध सांगतात ती पुनर्बांधणी घडवून आणतात. टंकाचे पॅकेज तसा संबंध सांगत नाही. म्हणून टंक टाकल्यावर शिदोरी स्वतः पुन्हा बांधावी लागते. बांधण्यापूर्वी जुनीची एक प्रत बाजूस ठेवावी, आणि नवीत काय काय आले याची यादी संगणक पुन्हा सुरू करण्याआधी पाहावी; डेबियनमध्ये 'एलएसइनिट्रामएफएस' आणि ड्रॅकटबरोबर 'एलएसइनिटआरडी' ही आज्ञा ती यादी देते.