सोडा जातो कोठें?

एक लिटर शुद्ध पाणी घ्यावें आणि त्यांत चार दशांश ग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर, कॉस्टिक सोडा विरघळवावा. (चिमटीनें मात्र उचलूं नये, कातडी भाजते.) पाण्याचा पीएच, ज्याला आपला शेतकरीवर्ग सामू म्हणतो, तो ७ वरून १२ वर जातो. ही मोजपट्टी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील रसायनज्ञ सोरेनसेन यानें १९०९ सालीं आखली. तिच्यावरील एक अंक म्हणजे दसपटीचा फरक. तेव्हां पांच अंकांच्या या उडींत हायड्रोजनचे आयन पूर्वीच्या एक लक्षांश उरले!

आतां ६ ग्रॅम अॅसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्याला आंबटपणा देणारें आम्ल, व त्याचेंच लवण असलेलें निर्जल सोडियम अॅसिटेट ८.२ ग्रॅम घेऊन त्यांचें एक लिटर द्रावण करावें. पीएच सुमारें ४.७६ भरेल. त्यांत तितकाच सोडा टाका. पीएच होतो अवघा ४.८५.

मग सोडा गेला कोठें? अॅसेटिक आम्ल दुर्बळ खरें, पण हें दौर्बल्यच येथें कामास येतें. त्याचे बहुतेक रेणू आपला हायड्रोजन सोडीत नाहींत, जवळ राखून असतात. सोड्याचे हायड्रॉक्साइड आयन येतांच हा राखीव हायड्रोजन त्यांना मिळतो, त्यांचें पाणी होतें, आणि आम्लाचा तेवढा अंश अॅसिटेट बनतो. आम्लाचे शंभर भाग होते त्यांचे नव्वद झाले, अॅसिटेटचे एकशेंदहा. पीएच ठरतो तो या दोहोंच्या गुणोत्तरावरून, आणि तें १ वरून १.२२ पर्यंतच सरकलें. अशा बफर द्रावणाचा पीएच मुळींच बदलत नाहीं, असें विद्यार्थी घोकतात, तें बरोबर नव्हे. तो बदलतो, परंतु थोडा. शिवाय या राखीव सांठ्यालाही अंत आहे. एकूण ४ ग्रॅम सोडा पडला कीं सारें आम्ल खर्ची पडून पीएच ९ च्या आसपास पोहोंचतो, व पुढची चिमूट पुन्हां मोठी उडी मारावयास लावते.

आपल्या रक्ताला ७.३५ ते ७.४५ एवढाच पीएच मानवतो. तेथें कार्बोनिक आम्ल व बायकार्बोनेट ही जोडी राखण करते. पण बायकार्बोनेट सुमारें वीसपट असल्यामुळें अल्काविरुद्ध खर्चावयास आम्ल फार थोडें. ही उणीव फुप्फुसें भरून काढतात. वारंवार ओकाऱ्या होऊन जठरांतील आम्ल निघून गेलें म्हणजे रक्त अल्काकडे झुकतें. अशा वेळीं रोग्याचा श्वास पुष्कळदां मंदावतो, उच्छ्वासावाटें जाणारा कार्बन डायऑक्साइड रक्तांतच राहतो, आणि त्याचें कार्बोनिक आम्ल बनून तोल बराचसा सांवरला जातो.