काळ्या पडद्यावरची चाळणी

लॅबमधल्या डेस्कटॉपवर टर्मिनल उघडायला सांगितलं की तुमच्यातले निम्मे जण सिनेमातल्या हॅकरसारखा चेहरा करतात आणि उरलेले निम्मे माउस शोधत बसतात. ओरलला 'ग्रेप म्हणजे काय?' विचारलं की जर्नलमधली व्याख्या धडाधड येते. पण 'कधी वापरलंस का रे?' म्हटलं की सगळे पंख्याकडे बघतात! दोष तुमचा नाही. या कमांड्स आपण अशा शिकवतो की त्या फक्त मार्कांसाठीच जन्माला आल्या असं वाटावं. म्हणून हा लेख. मी लॅबमध्ये काम करणारा साधा माणूस, गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. पन्नास वर्षांपूर्वीची ही अवजारं आपल्या मराठी याद्यांवर आजही कशी चालतात, तेवढंच सांगणार आहे.

एक सूचना आधीच. हा मराठी विभाग असल्यामुळे कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही कीबोर्डवर त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. सॉर्टचं स्पेलिंग एस-ओ-आर-टी, युनिकचं यू-एन-आय-क्यू (पुढे यू-ई नाही बरं का!), ग्रेपचं जी-आर-ई-पी, सेडचं एस-ई-डी, कॉमचं सी-ओ-एम-एम. मराठी शब्द मात्र मराठीतच टाइप करायचे.

एक अवजार, एक काम

युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही दोन नावं तुम्हाला पाठ असतात. तिसरं नाव आपण विसरतो, ते म्हणजे डग मॅकिलरॉय. प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, असं त्यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. पुढे त्यांच्या आग्रहामुळे थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आणला. कीबोर्डवरची ती उभी रेघ, तोच पाइप. डावीकडच्या कमांडमधून जे बाहेर पडतं ते उजवीकडच्या कमांडमध्ये जातं. बस्स, एवढंच.

आमच्या भागातल्या पोरांना हे समजवायला मला हळद बरी पडते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही ऐकलं असेल. पण शेतातून काढलेली हळद थेट बाजारात जात नाही. आधी ती शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवतात, मग कांडी वेगळी आणि गड्डा वेगळा. शिजवणारी टाकी पॉलिश करत नाही आणि ड्रम शिजवत नाही. प्रत्येकाचं काम एकच, पण एकाचा माल दुसऱ्याला चालतो. युनिक्सच्या कमांड्स नेमक्या अशाच. त्यांना फिल्टर म्हणतात, म्हणजे आपली चाळणी. आणि त्या सगळ्यांना चालणारा माल म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी.

पहिली चाळणी हॉस्टेलवरच लावू

समजा, हॉस्टेलच्या तक्रारींची एक फाइल आहे. प्रत्येक ओळीत रूम नंबर, स्वल्पविराम आणि तक्रारीचा प्रकार: पाणी, लाइट, मेस, वायफाय. सगळ्यात जास्त तक्रारी कशाच्या, हे काढायचं आहे. कमांड अशी:

कट -डी, -एफ२ तक्रारी | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड

कटने स्वल्पविरामाच्या जागी ओळ तोडून दुसरा तुकडा उचलला. पहिल्या सॉर्टने सारखे शब्द शेजारी शेजारी आणले. युनिकने शेजारच्या सारख्या ओळींची एकच ओळ केली आणि ती किती वेळा आली होती ते पुढे लिहिलं. दुसऱ्या सॉर्टने मोठा आकडा वर आणला. हेडने पहिल्या दहा ओळी दाखवल्या. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा: युनिक फक्त लागोपाठच्या ओळी बघतो. आधी सॉर्ट केलं नाही तर 'पाणी' तीन ठिकाणी तीनदा येईल आणि तुम्ही म्हणाल कमांडच बिघडली!

ही युक्ती किती जोरदार आहे याचा एक किस्सा. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांनी आपल्या स्तंभासाठी डोनाल्ड क्नुथ यांना एक काम दिलं: मजकुरातले सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द मोजून दाखवा. क्नुथ म्हणजे या विषयातले मोठे गुरुजी. त्यांनी पास्कलमध्ये पानंच्या पानं भरणारा देखणा प्रोग्रॅम लिहिला. परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे गेलं. त्यांनी कौतुक केलं आणि शेवटी तेच काम पाइपने जोडलेल्या सहा कमांड्समध्ये करून दाखवलं. त्यात सॉर्ट, युनिक आणि पुन्हा सॉर्ट हीच साखळी होती. म्हणजे वर आपण हॉस्टेलच्या तक्रारींना जे केलं, तेच.

मराठी आली की गंमत सुरू

आता टर्मिनलमध्ये 'इको कुरुंदा' लिहून पुढे पाइप टाका आणि डब्ल्यूसी -एम द्या. उत्तर येतं ८. डब्ल्यूसी -सी द्या, उत्तर २२. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन: कु, रुं, दा. मग हे काय? युनिकोडमध्ये क, उकार, र, उकार, अनुस्वार, द, काना अशी सात चिन्हं आहेत, आणि ओळ संपल्याची खूण धरून आठ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून सात त्रिक एकवीस आणि एक बावीस. हे कळलं की पुढचे अर्धे घोळ आपोआप उलगडतात.

पहिला घोळ शुद्धलेखनाचा. कोणी कुरुंदा लिहितो, कोणी कुरूंदा. आपल्याला दोन्ही एकच, पण कॉम्प्युटरला ही दोन वेगळी गावं. ग्रेपमध्ये चौकटी कंस टाकून 'कुर[ुू]ंदा' लिहिलं की दोन्ही सापडतात. तसंच तालुक्याचं. कागदोपत्री कुठे वसमत, कुठे बसमत. '[वब]समत' लिहा, काम झालं.

दुसरा घोळ जिल्ह्याचा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या याद्यांत आमचं गाव परभणी जिल्ह्यात असतं. यादी दुरुस्त करायची म्हणून सेडने सरसकट परभणीचं हिंगोली केलंत तर खुद्द परभणीकर हिंगोलीत येऊन बसतील! त्यासाठी सेडला आधी ओळ निवडायला सांगायची:

सेड '/[वब]समत/एस/परभणी/हिंगोली/' यादी

म्हणजे ज्या ओळीत वसमत किंवा बसमत आहे, फक्त तिथेच बदल.

तिसरा घोळ क्रमाचा. नुसत्या चिन्हांच्या क्रमांकाप्रमाणे हजेरी लावली तर क्षीरसागर आडनावाचा मुलगा शेवटी न जाता 'क' मध्ये, कोळीच्या खाली आणि खंदारेच्या वर येतो. कारण कॉम्प्युटरच्या लेखी 'क्ष' हे वेगळं अक्षर नाहीच. ते क, हलंत आणि ष.

चौथा घोळ जुन्या फाँटचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग ज्या फाँटमध्ये झालं, त्यांतल्या बहुतेकांत पडद्यावर मराठी दिसायचं पण फाइलमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची. अशा फाइलवर ग्रेप कितीही चालवा, 'पाटील' सापडणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

दोन याद्या आणि सुटलेली घरं

हे सगळं लॅबपुरतंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. जुलै २०२२ मध्ये आमच्याकडे अतिवृष्टी झाली, आसना नदीला पूर आला आणि कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरलं. धान्य, कपडे, पोरांची पुस्तकं, सगळं चिखलात. नंतर गावातल्या पोरांनी गल्लोगल्ली फिरून कुणाकुणाच्या घरात पाणी आलं याची यादी केली. ज्यांना किराणा आणि चादरी पोचल्या त्यांची यादी वाटप करणाऱ्या दुसऱ्या पोरांकडे होती. प्रश्न साधा होता: पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही, असं कोण? दोन्ही याद्या मोबाइलवर टाइप केलेल्या, क्रम वेगळा, लिहिणारे दहा. रात्री बसून बोटाने एकेक नाव जुळवायचं म्हटलं की डोळे फिरतात, आणि जे नाव नजरेतून सुटतं ते नेमकं गरजवंताचं असतं.

या प्रश्नासाठी युनिक्समध्ये एक छोटी कमांड आहे: कॉम. सॉर्ट केलेल्या दोन फाइली तिला दिल्या की ती तीन रकाने करते: फक्त पहिलीत, फक्त दुसरीत आणि दोन्हीत. नको ते रकाने आकडा देऊन झाकायचे. 'कॉम -२३ पाणी वाटप' म्हटलं की दुसरा आणि तिसरा रकाना गायब. उरले ते फक्त पहिल्या यादीतले, म्हणजे सुटलेले.

पण कॉम अक्षरन् अक्षर जुळवते. म्हणून आधी याद्या स्वच्छ करायच्या, आणि त्याही मूळ फाइलवर हात न लावता, नकलेवर. क्रम असा लागतो. विंडोजमधून आलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते. ती टीआर -डी '\आर' ने काढायची, नाहीतर एकही ओळ जुळत नाही. मग सेडने ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढायच्या. मग सगळे दीर्घ उकार ऱ्हस्व आणि सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करायच्या. व्याकरणाच्या बाईंनी बघितलं तर कान धरतील, पण ही नक्कल वाचायला नसून जुळवायला आहे. शेवटी दोन्ही फाइलींना एकाच सेटिंगने सॉर्ट करायचं. ओळीच्या सुरुवातीला एलसी_ऑल=सी (मोठ्या रोमन अक्षरांत) लावून सॉर्ट आणि कॉम दोन्ही चालवले की क्रमाचं भांडण मिटतं.

मी हे लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवर केलं. कमांड्सना क्षणभरच लागला, याद्या स्वच्छ करायला मात्र संध्याकाळ गेली. जी नावं उरली त्यातली बहुतेक अजूनही लिहिण्याच्या भानगडी होत्या. एका ठिकाणी बापाचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं आडनाव. पण काही घरं खरोखर सुटलेली होती, गल्लीच्या टोकाची. ती नावं मी गावात फोनवर कळवली. पुढचं काम पोरांनी पायी जाऊन केलं.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. एकाच नावाची दोन माणसं गावात असतात, आणि एकाच माणसाची दोन नावंही असतात. हे कमांडला कळत नाही, ते गावच्या माणसालाच कळतं. कमांड एवढंच करते की शेकडो ओळींतून डोकं लावण्यासारख्या मोजक्या ओळी समोर आणून ठेवते. आणि तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारू देते. कुणी मेनूत तसं बटन दिलं आहे का, याची वाट बघावी लागत नाही.

दोन धोक्याच्या पाट्या

एक, आरएम ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती गेली म्हणजे गेली. सबमिशनच्या आदल्या रात्री तर जपूनच.

दोन, 'सॉर्ट यादी > यादी' असं कधीही लिहू नका. बाणाची खूण दिसताच शेल ती फाइल आधी रिकामी करतो आणि मग सॉर्टला बोलावतो. सॉर्टला वाचायला काहीच उरत नाही आणि तुमच्या हातात रिकामी फाइल. निकाल नेहमी नव्या नावाने साठवा, किंवा सॉर्टलाच -ओ देऊन नाव सांगा.

सुरुवात कुठून?

नवीन मशीन लागत नाही. ग्रेप, सेड, कट या कमांड्स फाइल ओळीओळीने वाचतात, त्यामुळे कमी मेमरीच्या जुन्या डेस्कटॉपवरही मोठ्या फाइली पेलतात. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लावायची गरज नाही. विंडोजच ठेवायचं असेल तर २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आली आहे, तिचं नाव डब्ल्यूएसएल. ॲपलचा मॅक ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे तर टर्मिनल आयतंच आहे. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजात आहेत. पुस्तक हवं तर आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' बघा. सी शिकताना त्यांचंच 'लेट अस सी' वाचलं असेल, तर भाषा ओळखीची वाटेल. आणि काहीच हाताशी नसेल तर 'मॅन सॉर्ट' टाइप करा, मशीनच शिकवायला बसतं. बाहेर पडायला क्यू दाबायचं, हे मात्र आधीच सांगून ठेवतो!

सराव म्हणून एक काम देतो. तुमच्या विंगची दोन याद्यांतली नावं घ्या: एक मेसची, एक रूमची. दोन्ही स्वच्छ करा, सॉर्ट करा, कॉम लावा. मेसच्या यादीत आहे पण रूमच्या यादीत नाही असा एखादा पाहुणा सापडला, तर रेक्टर सरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. अडलात तर लॅबमध्ये या, साडेपाचपर्यंत मी असतोच.