हृदयारोपण आणि मृत्यूची व्याख्या

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदयारोपण करून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. हृदय थांबले म्हणजे माणूस मेला, असे त्या काळी मानले जाई. मग दुसऱ्याला देण्याजोगे जिवंत हृदय मिळायचे कोठून?

हा पेच १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने सोडविला. तो आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत गोवा आणि महाराष्ट्र होते. श्वासावर ताबा ठेवणारा मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी झाला की या कायद्याने माणूस मृत ठरतो. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसा दाखला देतात. श्वसनयंत्रामुळे हृदय मात्र चालूच असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीत देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

दुसऱ्या प्रकारच्या दात्याचे हृदय आधी थांबते. बरे होण्याची आशा उरली नाही म्हणून उपचार काढून घेतात. हृदय थांबल्यावर काही मिनिटे वाट पाहून मृत्यू जाहीर करतात. तेवढ्या वेळात प्राणवायूवाचून हृदयाच्या स्नायूला इजा होते, म्हणून अशी हृदये पूर्वी वापरीत नसत. २०१४ मध्ये सिडनीच्या शल्यवैद्यांनी असे हृदय यंत्रात ठेवून, उबदार रक्त खेळवून, पुन्हा चालते केले व पारखून रुग्णाला बसविले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, रुग्णांच्या मूळ प्रकृतीतला फरक हिशेबात घेता, अशी हृदये मिळालेले ९४ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतर हयात होते. मेंदूमृत दात्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९० टक्के होते. पहिल्या दिवसांत नवे हृदय अशक्त राहण्याचा त्रास मात्र अधिक दिसला. म्हणजे ही हृदये सरस ठरली नाहीत, पण कमी प्रतीचीही ठरली नाहीत.

आपल्याकडे हृदयदान प्रामुख्याने मेंदूमृत दात्यांचेच होते. बर्फात ठेवलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते. मोपाहून विमानाने मुंबई त्या वेळेत गाठता येईल. पण आप्तांचा होकार वेळेवर मिळाला तरच. ज्याची छाती अजून वरखाली होते आहे, त्याला मृत मानणे घरच्यांना किती जड जात असेल! म्हणून हा विषय घरात आधीच बोलून ठेवलेला बरा.