परकें भांडवल आणि आपले हात

विद्यार्थिमित्रहो, चिंचोटीपासून वालीवपर्यंत पसरलेल्या औद्योगिक गाळ्यांत अनेक कुटुंबांचे कर्ते काम करितात. परक्या देशाचें भांडवल येतें किंवा अडतें, तेव्हां त्याचा परिणाम अशाच घरांवर होतो. तो कसा, हें चिनी भांडवलाच्या दोन उदाहरणांवरून पाहूं. दोन्ही पुणें जिल्ह्यांतील आहेत.

रांजणगांव येथील फ्रिजचा तयार कारखाना 'हायर' ह्या चिनी कंपनीनें २००७ सालीं विकत घेतला व २०१७ सालीं वाढविला. मालकी परदेशची झाली, परंतु काम करणारे हात मुख्यतः येथलेच राहिले.

तळेगांवची कथा निराळी. तेथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना घेण्याचें 'ग्रेट वॉल' ह्या चिनी कंपनीनें जानेवारी २०२० मध्यें ठरविलें. एप्रिलांत भारत सरकारनें नियम केला कीं, आपल्या सीमेस लागून असलेल्या देशांतील भांडवलास सरकारची पूर्वपरवानगी हवी. जूनमध्यें कंपनीनें महाराष्ट्र सरकारशीं ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्याच महिन्यांत गलवान खोऱ्यांत आपले वीस सैनिक धारातीर्थीं पडले. पुढें परवानगी मिळाली नाहीं व २०२२ सालीं व्यवहार मोडला. अखेर २०२३ सालीं कोरियाच्या ह्युंदाईनें हा कारखाना घेण्याचा करार केला.

सरकारचा सावधपणा अकारण नव्हता. श्रीलंकेनें २०१७ सालीं हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीस ९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिलें, त्यावर केवढा वाद झाला! परंतु तळेगांवचें उत्पादन डिसेंबर २०२० मध्येंच थांबलें होतें आणि हजाराहून अधिक कामगार कामावांचून राहिले. त्यांस न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. दोन राष्ट्रांच्या भांडणांत त्यांचा काय अपराध होता? म्हणून करार करणाऱ्यांनीं कामगारांच्या पोटाची तरतूद आधीं करावी, हें न्यायाचें आहे.

आणि आपण काय करावें? महाबळेश्वराकडे पहा. गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत इंग्रजांनीं तेथें चिनी कैदी ठेविले होते. तो तुरुंग १८६४ सालीं बंद झाला. त्या बंदिवानांजवळ भांडवल कोठलें? तरी तेथील बटाट्यांची व विलायती भाज्यांची लागवड वाढविण्याचें श्रेय त्यांस दिलें जातें. कसब मागें राहिलें.

भांडवल राजकारणाच्या वाऱ्याबरोबर येतें आणि जातें. कसबी माणसासहि त्याची झळ लागते, हें तळेगांवनें दाखविलें. परंतु त्याचें कसब कोणी काढून घेऊं शकत नाहीं. ह्यास्तव मुलांनो, उद्यां गाळ्यांत परदेशी यंत्र आलें, तर तें केवळ चालवून थांबूं नका. तें उघडून दुरुस्त करावयास शिका.