कण्यातली वीज

अनवाणी चालताना पायाचा अंगठा उंबऱ्यावर आपटतो, तेव्हा शरीरात एक विलक्षण गोष्ट घडते आणि विव्हळण्याच्या भरात आपण ती दरवेळी निसटू देतो. आधी फक्त एवढंच कळतं, की काहीतरी लागलं. लगेच एक तीक्ष्ण कळ येते. आणि त्यानंतर, क्षणभर उशिराने, खोल आणि पसरट ठणका वर चढू लागतो. आघात एकच, पण त्याची खबर तीन हप्त्यांत पोहोचते, कारण ती तीन वेगवेगळ्या जाडीच्या चेतातंतूंमधून येते. स्पर्शाची खबर आणणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर स्निग्ध आवरण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतो. कळ आणणारे तंतू त्याहून बारीक. ठणका आणणारे ‘सी’ तंतू तर इतके बारीक आणि उघडे, की त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं मीटरभर अंतर कापायला त्या ठणक्याला खरोखरच सेकंदभर लागतो.

मग आपण काय करतो? अंगठा मुठीत घट्ट धरतो, दाबतो, चोळतो. आणि दुखणं थोडं उतरतं. इजा तेवढीच आहे, सी तंतू तितक्याच जोराने ओरडताहेत, तरी उतरतं.

प्रत्येक आईला ठाऊक असलेल्या या अनुभवाला शास्त्रात जागा मिळायला १९६५ साल उजाडावं लागलं. त्याआधीची तीनशे वर्षं वेदनेच्या विचारावर देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या एका चित्राची सत्ता होती. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते चित्र आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि त्या पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे. दोरी ओढली की घंटा वाजावी, तसं खाली भाजलं की वर वेदना होते, असं देकार्त सांगत होता. चित्र इतकं सोपं होतं, की ते खोटं असेल असं वाटेचना. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी पाहिलं, की भयंकर जखमा झालेले कितीतरी सैनिक वेदनाशामक मागतच नाहीत. आणि ज्यांचा पाय कापून टाकलेला आहे अशा माणसांना त्या नसलेल्या पायाची बोटं दुखतात. तिथे तर ओढायला दोरीच उरलेली नाही.

रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या एमआयटीत दोघांची गाठ पडली आणि १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांचं म्हणणं असं, की मेंदूकडे जाण्याआधी वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूच्या मागच्या भागात, दाट आणि करड्या पेशींच्या एका पट्ट्यात थांबावं लागतं. तिथे जणू एक दार आहे. बारीक तंतूंची गर्दी ते उघडू पाहते, स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेतात, आणि वरून मेंदूही त्या दारावर हुकूम पाठवत असतो. अंगठा चोळला की जाड तंतू जागे होतात आणि दार थोडं लोटलं जातं. म्हणजे वेदना शरीरातून मेंदूपर्यंत जशीच्या तशी येतच नाही. वाटेत तिची कसून तपासणी होते आणि कितपत पुढे सोडायचं, ते कण्यातच ठरू लागतं.

हा सिद्धांत वाचून सी. नॉर्मन शिली हे अमेरिकेतले तरुण न्यूरोसर्जन वेगळ्याच दिशेने विचार करू लागले. दार स्पर्शाच्या तंतूंनी बंद होत असेल, तर ते सगळे तंतू एकाच ठिकाणी कुठे सापडतील? उत्तर शरीररचनेच्या पुस्तकात होतं. पायापासून मानेपर्यंतचे स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूच्या पाठीकडच्या अंगाला एकत्र येतात आणि तिथूनच वर मेंदूकडे जातात. त्या जागी हलकी वीज दिली तर? शिली यांनी आधी मांजरांवर प्रयोग केले. थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यंत्राची बाजू सांभाळली. आणि १९६७ मध्ये क्लीव्हलँड शहरात फुप्फुसाच्या कर्करोगाने असह्य दुखणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या माणसाच्या मज्जारज्जूवर त्यांनी इलेक्ट्रोड बसवला. वीज सुरू झाली आणि दुखणं कमी झालं. तो माणूस त्यानंतर फार काळ जगला नाही. पण कागदावर मांडलेला सिद्धांत दोन वर्षांच्या आत एका जिवंत माणसाच्या कण्यात जाऊन त्याची वेदना उतरवतो, असं वैद्यकाच्या इतिहासात क्वचित घडलेलं आहे.

या उपचारात निसर्गाने दोन ठिकाणी आपल्याला अनपेक्षित मदत केली आहे, आणि मला सगळ्यात थक्क करतात त्या याच दोन गोष्टी. पहिली अशी, की बाहेरून वीज दिली की जाड तंतू आधी जागे होतात, बारीक नंतर. हे उलटं असतं, तर हा उपचार म्हणजे छळ झाला असता. दुसरी गोष्ट त्याहून अजब. चेतातंतूला मधेच कुठेतरी वीज दिली, तर संदेश दोन्ही दिशांना पळतो. शरीरात एरवी स्पर्शाचा संदेश फक्त वर जातो. इथे मात्र इलेक्ट्रोडजवळ निघालेला संदेश उलट्या वाटेने खालीही उतरतो, आणि खालच्या भागातल्या त्या दारापाशी जाऊन ते लोटतो. हात न लावता, त्वचा न चोळता, वाटेच्या मध्यातून निघालेला एक स्पर्श.

आज हे यंत्र बसवताना सहसा पाठ उघडावी लागत नाही. मज्जारज्जू करंगळीइतका जाड, त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव आणि त्याबाहेर एक चिवट आवरण असतं. बाळंतपणात एपिड्युरलची भूल देतात ती या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत. त्याच पोकळीत पोकळ सुईतून एक बारीक तार वर सरकवतात. तारेच्या टोकाशी बहुधा आठ धातूचे संपर्कबिंदू असतात. कंबर आणि पाय दुखत असतील तर ती छातीच्या आठव्या ते दहाव्या मणक्याच्या आसपास नेतात, कारण मज्जारज्जू कमरेच्या खालपर्यंत पोहोचतच नाही, तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पेशंटला बहुधा पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, कारण त्याच्याशी बोलायचं असतं. “आता मुंग्या कुठे येताहेत?” “मांडीत.” “आणि आता?” “पोटरीत. हां, दुखतं तिथेच.” जिथे दुखतं नेमक्या त्या जागेवर मुंग्यांचं पांघरूण पडेपर्यंत तार अर्धा-अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे हलते. मग साधारण आठवडाभर बॅटरी शरीराबाहेर ठेवून चाचणी होते. दुखणं निम्म्याने तरी उतरलं, तरच बॅटरी कायमची कमरेच्या मागे त्वचेखाली बसवतात. उपयोग झाला नाही, तर तार काढून टाकता येते. वेदनेसाठी नस कापायच्या जुन्या शस्त्रक्रियांमध्ये ही परतीची वाट नव्हती.

शिली यांना सुरुवातीला एक प्रश्न छळत होता. कोणत्या पेशंटला या शस्त्रक्रियेचा फायदा होईल, ते आधी कसं ओळखायचं? म्हणून त्वचेवर पॅड चिकटवून वीज देणारी यंत्रं चाचणीसाठी वापरली जाऊ लागली. काही जणांना तेवढ्यानेच आराम पडला. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मानेवर-कमरेवर पॅड लावून देतात ते ‘टेन्स’ मशीन या चाचणीतूनच नावारूपाला आलं. आपल्यापैकी कित्येकांनी त्याच्या मुंग्या अंगावर घेतलेल्या आहेत.

पण दाराचा सिद्धांत पूर्ण खरा असता, तर हे यंत्र बसवलेल्या माणसाला टाचणी टोचलेलीही कळायला नको होती. प्रत्यक्षात ती कळते. हाड मोडलं तर दुखतं, भाजलं तर चटका बसतो. थोपतं ते वेगळ्या जातीचं दुखणं. पाठीच्या ऑपरेशननंतरही पायात उतरणारी सणक, मधुमेहात तळपायांची होणारी आग, किंवा किरकोळ दुखापतीनंतर हातापायाला जडणारा दाह, जो हलकं फडकंही सहन होऊ देत नाही. या दुखण्यांत इजा भरलेली असते किंवा दिसतच नाही, बिघडलेली असते ती संदेश वाहणारी यंत्रणाच. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत बेंग्ट लिंडेरोथ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की नस दुखावल्यावर मज्जारज्जूत गाबा हे शांत करणारं रसायन कमी पडतं आणि विजेच्या उत्तेजनाने ते पुन्हा वाढतं. धोक्याची खरी सूचना अबाधित राहते आणि खोटी ओरड तेवढी दबते. हे कळल्यावर मला मेलझॅक आणि वॉल यांच्याबद्दलचा आदर कमी न होता वाढला. त्यांचं दार तपशिलात पुष्कळ चुकलं, पण त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

या उपचाराचा पुरावा जमवायला वेळ लागला. कॅनडातल्या रेजायना इथले न्यूरोसर्जन कृष्ण कुमार यांच्या पुढाकाराने पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या १०० जणांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी ज्यांचं पायाचं दुखणं निम्मं किंवा त्याहून अधिक उतरलं होतं, असे लोक यंत्र बसवलेल्या गटात ४८ टक्के होते, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ९ टक्के. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत एका नव्या पद्धतीला मान्यता मिळाली. जुनं यंत्र सेकंदाला ४०-६० ठोके द्यायचं, हे १०,००० देतं. आणि आश्चर्य म्हणजे मुंग्या येतच नाहीत! माणसाला काहीच जाणवत नाही, तरी दुखणं उतरतं. मुंग्यांनी दुखणं झाकायचं या मूळ कल्पनेवरच त्याने प्रश्नचिन्ह लावलं. मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यासाठीही २०२१ मध्ये तिथे याच पद्धतीला मान्यता मिळाली. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक आहे. त्यांच्यातल्या तळपायांच्या आगीने रात्र रात्र जागणाऱ्यांसाठी ही बातमी महत्त्वाची आहे, पण यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात असल्याने ती त्यांच्यापर्यंत बातमी म्हणूनच पोहोचते, याची खंत वाटते.

या निःशब्द विजेने आणखी एक काम केलं आणि ते अवघड होतं. जुन्या यंत्राची खोटी नक्कल करून तुलना करणं जवळजवळ अशक्य होतं, कारण मुंग्या आल्या नाहीत तर पेशंटला लगेच कळायचं, की यंत्र बंद आहे. मुंग्या गेल्या आणि खरी कसोटी शक्य झाली. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ५० जणांमध्ये यंत्र काही महिने चालू, काही महिने बंद ठेवलं, आणि आपण कोणत्या काळात आहोत ते पेशंटना कळू दिलं नाही. हे यंत्र विजेचे ठोके झुपक्यांनी देणारं, पण तेही मुंग्या न आणणारं होतं. २०२२ मध्ये निकाल आला. दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात येणाऱ्या अडचणींत दोन्ही काळांत म्हणावा असा फरक नव्हता. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि टिकाऊ फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. तार जागेवरून सरकणं, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया हे धोके तर आहेतच. मला वाटतं, या निकालांकडे डोळेझाक करणं पेशंटवर अन्याय आहे, आणि त्यांच्या आधारे सगळा उपचारच मोडीत काढणं हाही अन्याय आहे. नुसती कंबर दुखणाऱ्यासाठी आणि नस दुखावल्याने पाय दुखणाऱ्यासाठी उत्तर एकच असेल, असं मानायला कारण नाही. विजेचा प्रकार बदलला, की उत्तरही बदलत असेल.

शिवाय या यंत्राला जवळपास पन्नास वर्षं एक मोठी उणीव होती. ते बहिरं होतं. मज्जारज्जू आवरणातल्या द्रवात तरंगत असतो. माणूस पाठीवर झोपला की तो गुरुत्वाकर्षणाने मागे, इलेक्ट्रोडच्या जवळ येतो. उभा राहिला की दूर जातो. अंतर बदलतं काही मिलिमीटरच, पण तेवढ्याने उभेपणी पुरेशी वाटणारी वीज आडवं होताच झटका देते. खोकला आला तरी, मनमोकळं हसलं तरी. यंत्र मात्र एकाच जोराने ठोके देत राहायचं. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं नवं यंत्र प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर थांबून ऐकतं. जागे झालेले हजारो तंतू एकत्र मिळून एक अत्यंत क्षीण विद्युतलहर निर्माण करतात. तीच तार ती लहर टिपते, आणि पुढच्या ठोक्याचा जोर त्यावरून ठरतो. १३४ जणांच्या चाचणीत, २०२० मध्ये, तीन महिन्यांनी निम्मा किंवा त्याहून जास्त आराम मिळालेले लोक ऐकणाऱ्या यंत्राच्या गटात ८२ टक्के निघाले आणि न ऐकणाऱ्याच्या गटात ६० टक्के.

आणि ज्या यंत्राचा जन्म वेदनेसाठी झाला, त्याने एक निराळीच वाट उघडली आहे. अमेरिकेत लुइव्हिल इथे २३ वर्षांच्या एका तरुणाच्या मज्जारज्जूवर, कमरेखालच्या हालचाली जिथून ठरतात तिथे, वेदनेसाठी बनवलेला सोळा बिंदूंचा हा इलेक्ट्रोड बसवला गेला. वाहनाच्या अपघातात त्याचे पाय पूर्ण लुळे पडले होते, आणि नुसता व्यायाम दोन वर्षांहून अधिक काळ करूनही ते हलले नव्हते. वीज चालू असताना तो स्वतःचं सगळं वजन पेलत चार मिनिटांहून जास्त वेळ उभा राहिला. सात महिन्यांनी, मनात आणताच, त्याला पायाच्या काही हालचाली करता येऊ लागल्या. वीज बंद केली की त्या थांबत. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. मेंदूपासून पायापर्यंतची वाट पूर्ण तुटलेली आहे, असं त्याच्या पायांची तपासणी सांगत होती. पण दुखापतीच्या जागेतून काही तंतू अजून पलीकडे जात असावेत आणि त्यांचा आवाज ऐकू येण्याइतका खालचा मज्जारज्जू जागा नसावा, असा अर्थ संशोधकांनी लावला. लुइव्हिल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यानंतर इतर पेशंटांनी आधार घेत काही पावलंही टाकली आहेत.