शिजवायचं सफरचंद

नॉटिंगहॅम, ऑक्टोबर

सप्टेंबर सरत आला की इथल्या गल्लीबोळांत घरांच्या फाटकांशी खोकी दिसू लागतात. कुठे क्रेट, कुठे जुनी बादली, कुठे नुसती पिशवी. आत पंजात मावणार नाहीत अशी हिरवी, वेडीवाकडी सफरचंदं आणि वर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने खरडलेलं, ‘फुकट आहेत, घेऊन जा’. एरवी शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे न जाणारी ही माणसं या दिवसांत अचानक दानशूर होतात. त्यात औदार्य थोडं, नाइलाज जास्त. मागच्या अंगणातलं एक जुनं झाड एका कुटुंबाला झेपणार नाही इतकं धरतं आणि सगळा माल महिनाभरात पदरात टाकतं. गवतात पडलेली फळं सडली की गांधीलमाश्या घोंगावायला लागतात. म्हणजे वाटून टाका, नाहीतर शिजवा.

इंग्लंडमधलं घरगुती गोडधोड समजून घ्यायचं तर या खोक्यांपासून सुरुवात करावी. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही टीव्हीवरची स्पर्धा 2010 मध्ये सुरू झाली. तिच्यातले मजल्यांवर मजले चढवलेले केक पाहून इथे घरोघरी असलंच काही चालत असेल असं वाटतं. तसं काही नसतं. आपल्याकडे गोड करायला निमित्त लागतं: सण, पाहुणे, परीक्षेचा निकाल. इथल्या शरदातल्या गोडाला निमित्त एवढंच की फळं वाया चालली आहेत. पुडिंग ही इथे मुळात काटकसर आहे, आणि तिचा नायक आहे कच्चा खाल्ला तर दात आंबवणारा ब्रॅमले, म्हणजे खोक्यांतलं तेच हिरवं सफरचंद.

सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ, हा आपला हिशेब. त्यात शिजवायची वेगळी जात असते हे इथे येईपर्यंत बहुतेकांच्या गावीही नसतं. इथल्या दुकानात मात्र खायची सफरचंदं एकीकडे आणि शिजवायची दुसरीकडे. फ्रेंच लोक टार्टसाठी खायचीच सफरचंदं वापरतात, कारण त्यांना फोडी ओळीने मांडून मिरवायच्या असतात. इंग्रजांना फोड टिकायला नकोच असते. ब्रॅमलेला आच लागली की त्याचा मऊ, फेसाळ गर होतो, आणि वर कितीही साखर घातली तरी आंबटपणा हार मानत नाही. खायच्या सफरचंदाचं पुडिंग त्यापुढे मिळमिळीत लागतं, हे माझंही मत झालं आहे.

ब्रॅमलेचं मूळ झाड इथून जवळच, साउथवेल नावाच्या लहानशा गावात आहे. 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने तिथे सफरचंदाच्या बिया रुजवल्या. पुढे ती लग्न होऊन गेली आणि आपल्या रोपाचं काय झालं हे तिला कधी कळलं नाही. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅमले नावाच्या खाटकाने विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने ही फळं पाहिली आणि झाडाच्या काड्या मागितल्या. ब्रॅमले म्हणाला, ने, पण सफरचंदाला नाव माझं दे. बी लावलं तिने, कलमं केली मेरीवेदरने, आणि नाव झालं घर विकत घेणाऱ्याचं! पहिली विक्री मेरीवेदरच्या वहीत ऑक्टोबर 1862 मध्ये नोंदलेली आहे, फक्त तीन फळांची.

कोकणातल्या वाचकांना यातली गोम लगेच कळेल. कोय लावून हापूस मिळत नाही, कलमच लागतं, तसंच सफरचंदाचं. बी लावली की काय निघेल ते नशीब. म्हणजे आज इंग्लंडभर परसात उभा असलेला प्रत्येक ब्रॅमले हा मेरी ॲनच्या त्या एका रायवळ झाडाचं कलम, किंवा कलमाचं कलम. ते झाड 1900 सालच्या वादळात आडवं झालं, पण पडल्या जागी फुटून पुन्हा उभं राहिलं. आता मुळांना बुरशीने ग्रासलंय. त्याची देखभाल नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाकडे आहे आणि प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने त्याच्या प्रतीही तयार करून झाल्या आहेत. एका आंबट फळासाठी एवढं करणाऱ्या गावात ऑक्टोबरमध्ये ब्रॅमलेचा उत्सव भरतो, यात नवल नाही.

प्रत्यक्ष करणं पाहायचं तर आमच्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात जावं. त्या टोपलीतली सगळ्यात डागाळलेली फळं आधी काढतात. चांगली एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये जातात, ती मार्चपर्यंत पुरतात. ठेवणीतल्या ब्रॅमलेची साल बोटांना मेणचट लागते, सोलताना फळ हातातून निसटतं. अळीने पोखरलेला भाग सुरीच्या टोकाने कोरून टाकायचा आणि उरलेल्या जाडसर फोडी थेट बेकिंगच्या भांड्यात. फोडी काळ्या पडतात, पडू देत; वर झाकण येणारच आहे. दोन मुठी साखर भुरभुरायची. मग मैद्याच्या निम्मं लोणी, फ्रिजमधून काढलेलं गारच, बोटांच्या अग्रांनी मैद्याला चोळायचं. तळवा लावायचा नाही, त्याच्या उबेने लोणी वितळतं आणि गोळा होतो. आजी मधूनच वाडगा गदगदा हलवतात. लोण्याचे न मोडलेले खडे आपोआप वर येतात, ते तेवढे चुरडायचे. रवाळ झालं की साखर मिसळून हे सगळं फोडींवर सैलसर पसरायचं. इथे दाबायचा मोह आवरावा लागतो, दाबलं की खुसखुशीतपणा गेला. ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास. कडेने आंबटगोड रस उकळून वर येतो, भांड्याला चिकटून करपतो, आणि तो करपलेला कडेचा भाग कोणाच्या ताटलीत जाणार यावरून घरात खरं भांडण होतं.

हा ॲपल क्रम्बल. इतका साधा पदार्थ की तो फार जुना असेल असं वाटावं. पण तो रुजला दुसऱ्या महायुद्धात, असं मानतात. जानेवारी 1940 मध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली. पायसाठी पारी लाटायची, तिला लोणी जास्त लागतं आणि हातही सराईत लागतो. क्रम्बलला नुसता वरचा थर पुरतो. रेशन 1954 मध्ये पूर्ण उठलं, पण क्रम्बल शाळांच्या जेवणात जाऊन बसला होता. आज पन्नाशी-साठीतल्या कोणालाही शाळेतल्या क्रम्बलचा विषय काढून द्या, पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही.

त्यावर कस्टर्ड हवंच. ज्याला आपण कस्टर्ड म्हणतो ती पावडरही मुळात इथलीच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडं चालत नसे, म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. पुण्याच्या वीकफील्डचा डबा घेऊन फ्रूट सॅलड करणाऱ्या आपल्या शाकाहारी घरांनी त्या माउलीच्या पथ्याचे आभार मानायला हवेत.

बाकी प्रकार भराभर सांगतो. शिजवलेल्या सफरचंदावर स्पंज ओतून भाजलं की ईव्हज् पुडिंग. मधला गाभा काढून तिथे मनुका आणि ब्राउन शुगर भरली की भाजलेलं सफरचंद. त्याच्या सालीला कमरेभोवती सुरीने एक चीर द्यायची, नाहीतर ते ओव्हनमध्ये फुटतं. डॉर्सेटमध्ये सफरचंदाचा केक. यॉर्कशायरमध्ये पायबरोबर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा, ज्याची चेष्टा बाकीचा देश करतो आणि जी चव एकदा कळली की चेष्टा थांबते. क्रम्बलमध्ये रानातल्या काळ्या ब्लॅकबेरी घालायच्या तर 29 सप्टेंबरच्या, म्हणजे मायकेलमसच्या आत तोडाव्यात. त्या दिवशी स्वर्गातून हाकललेला सैतान ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला आणि चिडून त्यांच्यावर थुंकला, अशी समजूत आहे. तोवर ओलाव्याने फळ पाणचट होतंच, तेव्हा सैतानाचा सल्ला वाईट नाही.

न्यूटनचं सफरचंदही शिजवायचंच होतं, हे मला इथे कळलं. वुल्सथॉर्पला, म्हणजे शेजारच्याच लिंकनशायर परगण्यात, त्याच्या घरासमोर ते झाड अजून आहे. जात ‘फ्लॉवर ऑफ केंट’. तेही 1820 च्या वादळात कोसळून पुन्हा रुजलं. गुरुत्वाकर्षण सुचवणाऱ्या त्या फळाचं पुढे घरात पुडिंग झालं असणार, हा माझा अंदाज, पुरावा नाही.

एवढं सगळं असूनही जुन्या बागा विसाव्या शतकात भराभर तुटल्या. काही घरं बांधायला गेल्या, काही परदेशी सफरचंदांपुढे परवडेनाशा झाल्या. त्याविरुद्ध ‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने 21 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला ‘ॲपल डे’ भरवला आणि ती प्रथा गावोगावी पसरली. केंटमध्ये ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांवर जाती राखल्या आहेत. सुपरमार्केटात त्यांतल्या मोजक्याच दिसतात. ब्रॅमले मात्र दुकानातही आहे आणि परसातही. खायचा गाला विकतच घ्यावा लागतो, ब्रॅमले शेजाऱ्याकडूनही मिळतो.

आणि आपल्या लोकांकडे तो वेगळ्याच कामाला लागलाय. इथल्या देशी घरांत ब्रॅमले म्हणजे कैरीचा बदली खेळाडू. तक्कू, लोणचं, छुंदा, सगळ्यात चालतो. आमच्या घरी त्याचा मेथांबा होतो. गूळ जरा जास्त घालावा लागतो आणि फोडी विरघळतात म्हणून गॅस लवकर बंद करावा लागतो. क्रम्बलच्या बदल्यात एक बरणी शेजारी गेली. मेथीचा कडूपणा आजींना झेपला नाही. आजोबांनी मात्र ती चार दिवसांत चेडरबरोबर संपवली, आणि त्यांच्या झाडाची पुढची बादली आता मेथांब्याच्या बोलीवरच येते.